पॅटमॉसच्या मठातील पोथ्या

इजियन समुद्रात, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जवळच, पॅटमॉस नावाचे एक लहानसे ग्रीक बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ३४ चौरस किलोमीटर, वस्ती तीन हजारांच्या आसपास. जमीन खडकाळ, पाणी बेताचे. तिथे विमान उतरत नाही. बोटीनेच जावे लागते. तरीही जगभरची माणसे तिथे जातात. कशासाठी, ते सांगतो.

बोट स्काला या बंदराला लागते. तिथून वर पाहिले की डोंगरमाथ्यावर पांढऱ्याशुभ्र घरांचे गाव दिसते आणि त्या घरांच्या मधोमध काळपट दगडांचा एक किल्ला. तुम्ही म्हणाल, हा कोण्या राजाचा गड असावा. पण नाही, तो आहे संत योहानाचा मठ.

चढण निम्मी सरली की वाटेत एक गुहा लागते. परंपरा सांगते की, रोमन बादशहा डोमिशियन याच्या कारकिर्दीत, इ. स. ९५ च्या सुमारास, योहानाला या बेटावर हद्दपार केले होते. याच गुहेत त्याला दर्शन घडले आणि त्यातून बायबलातील अखेरचे पुस्तक, ‘प्रकटीकरण’, तयार झाले. मराठी बायबलात या बेटाचे नाव ‘पात्म’ असे येते. हा योहान म्हणजे ख्रिस्ताचा शिष्यच की त्या नावाचा दुसरा कोणी, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. भाविकांना त्याची फिकीर नाही. ते मेणबत्ती लावतात, योहान जिथे डोके टेकून निजे असे मानतात ती खडकातली खोबण पाहतात आणि पुढे चढू लागतात.

मठाचा इतिहास मात्र कागदोपत्री पक्का आहे. १०८८ साली कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट अलेक्सियस कॉम्नेनस याने ख्रिस्तोडुलस नावाच्या साधूला हे सबंध बेट इनाम दिले. ती सनद मठात अजून जपून ठेवलेली आहे. इनाम मिळाले खरे, पण समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट! म्हणून तट उंच बांधले आणि दरवाजाच्या वर, हल्लेखोरांच्या डोक्यावर उकळते तेल-पाणी ओतायला जागा ठेवली. तरीही ख्रिस्तोडुलसला बेट सोडावेच लागले. १०९३ साली युबिया बेटावर त्याने देह ठेवला. शिष्यांनी त्याचा देह परत आणला आणि मठ पुन्हा नांदता केला.

आता या तटाच्या आत धन कोणते? सोन्यारुप्याच्या वस्तू आहेतच. पण खरे धन म्हणजे पोथ्या. १२०० साली मठाने आपल्या ग्रंथांची यादी केली, तेव्हा ते ३३० भरले. पुष्कळसे चर्मपत्रावरचे, म्हणजे जनावराचे कातडे घासून, ताणून, लिहिण्याजोगे केलेले. जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या अक्षरांनी लिहिलेली, सहाव्या शतकातील शुभवर्तमानाची ३३ पाने तिथे आजही आहेत.

एवढे धन तटाने चाच्यांपासून राखले. पण ऑक्टोबर १८०१ मध्ये एडवर्ड क्लार्क नावाचा इंग्रज प्रवासी तिथे आला. पोथ्या जमिनीवर अस्ताव्यस्त पडल्या आहेत, ओल आणि कसर त्यांना खात आहे, असे त्याला दिसले. त्यांत त्याला प्लेटोच्या संवादांची एक प्रत सापडली. ती ८९५ साली, अरेथस नावाच्या विद्वानासाठी नकलून घेतलेली होती. क्लार्कने ती मठवाल्यांकडून विकत घेतली. आज ती ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. मठातल्यांना वाचता येत नव्हते, असेही क्लार्क सांगतो. पण ज्याला वस्तू न्यायची असते, तो धन्याला अडाणीच ठरवतो. तेव्हा या बोलण्यातून थोडी वजाबाकी करावी. त्याच डोंगरावर १७१३ पासून एक नामांकित पाठशाळा चालू होती, हेही विसरू नये. मात्र पोथी गेली, ही गोष्ट खरी.

पुढे काय झाले? दहाच महिन्यांनी, ऑगस्ट १८०२ मध्ये, मठाने ग्रंथालयाच्या दारावर एक लेख लावला. त्याचा आशय असा: इथल्या पोथ्या शहाण्याला सोन्याहून मोलाच्या आहेत, त्यांना प्राणापलीकडे जपा. शत्रूने नव्हे, आपल्याच दुर्लक्षाने घात केला, हे मठाने ओळखले होते.

त्यानंतर बेटावर राज्ये बदलली. तुर्क गेले, १९१२ साली इटालियन आले, महायुद्धात जर्मन आले, आणि अखेर १९४८ साली बेट रीतसर ग्रीसमध्ये सामील झाले. पोथ्या जागच्या जागी राहिल्या. आज मठात हजारभर हस्तलिखिते आहेत. १९९९ साली युनेस्कोने मठ, गुहा आणि गाव यांना जागतिक वारसा ठरवले.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, मुलांना पॅटमॉसची गोष्ट सांगताना गुहा सांगा, तट सांगा, चाचे तर सांगाच. पण १८०२ सालचा तो दारावरचा लेख सांगायला विसरू नका. आणि प्लेटोची ती प्रत मठात परत आलेली नाही, हेही सांगा.