रिफ्ट व्हॅली ज्वर : उद्रेकांचे नकाशे

मेंढ्या, शेळ्या, गुरे व उंट यांना होणारा आणि माणसांनाही जडणारा विषाणुजन्य रोग. १९३०–३१ मध्ये केन्यातील नैवाशा सरोवराजवळच्या मेंढ्यांत तो प्रथम ओळखला गेला. गाभण मेंढ्या गाभडतात, कोकरे झपाट्याने दगावतात. एडिस डासांची विषाणुबाधित अंडी माळावरील खोलगट जागांच्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. अतिवृष्टीने पाणी साचले की ती फुटतात आणि त्यांतून निघालेले डास रोग पसरवतात. एल निन्यो आणि तापलेला पश्चिम हिंदी महासागर एकत्र आले, की पूर्व आफ्रिकेत असा पाऊस संभवतो. म्हणून सागरपृष्ठाचे तापमान, पाऊस व उपग्रहांनी टिपलेली हिरवळ एकत्र मांडून धोक्याची क्षेत्रे नकाशावर आखतात. २००६ च्या अखेरीस केन्यात उद्रेक झाला, त्याच्या काही आठवडे आधी असा इशारा मिळाला होता. लसीकरण मात्र उद्रेकानंतर सुरू झाले, ही खेदाची बाब.