तान्ह्या लेकराची आई आणि १९७२ चा दुष्काळ

१/ १९७२ च्या दुष्काळाचे नाव निघाले की सुकडी, तांबडी मिलो आणि खडीचे ढीग आठवतात. त्या ढिगांपाशी तान्ह्या लेकरांच्या आयाही राबत होत्या. त्यांच्या तहानेचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

२/ परभणी जिल्ह्यात तेव्हा आजचा हिंगोली जिल्हाही समाविष्ट होता. उर्वरित मराठवाड्याप्रमाणे येथेही पावसाने दगा दिला. मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता.

३/ आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. केवळ अंगावर पाजणारी आई दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध देते. तेवढे पाणी तिला एरवीपेक्षा जास्त लागते. उन्हातल्या घामाचा हिशेब वेगळाच.

४/ आई थोडी तहानलेली राहिली, तरी दूध सहसा लगेच आटत नाही. शरीर बाळाचा वाटा आधी राखते. थकवा, डोकेदुखी, भोवळ आईच्या वाट्याला येते. मस्टरवर हजेरी लागे, ही झीज नोंदली जात नसे.

५/ याच काळात रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

६/ पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी व मुलांसाठी सावली बंधनकारक केली. पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूकही ठरवली. कामावरचा पाण्याचा माठ आता मुकादमाच्या मर्जीचा नाही; तो मजूर आईचा हक्क आहे.