भातवडीचा मलिक अंबर रंगवताना

निजामशाहीचा सेनानी मलिक अंबर याची ५४ मिलिमीटर उंचीची मूर्ती रंगवायला घ्यायची, तर ब्रश ओला करण्याआधी त्याचं वय ठरवावं लागतं. अभ्यासक त्याचा जन्म इथियोपियात १५४८च्या सुमारास झाला असं धरतात. भातवडीची लढाई १६२४ची. म्हणजे नगरजवळच्या या गावाशी त्याने मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना धूळ चारली, तेव्हा तो पंचाहत्तरीला आलेला होता. पुढे दोनच वर्षांनी, १६२६मध्ये, तो वारला. पिळदार दंडांचा, काळ्याभोर दाढीचा तरुण योद्धा भातवडीच्या देखाव्यात उभा करता येणार नाही. डोळ्यांभोवती सुरकुत्या, सैलावलेले गाल आणि तरीही ताठ मान असा माणूस हवा.

चेहऱ्यासाठी एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार सापडतो. डच ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रुक १६१७मध्ये, गुजरातच्या किनाऱ्यावर जहाजं फुटल्यावर, सुरतेहून खुष्कीच्या वाटेने मछलीपट्टणला निघाला. वाटेत नोव्हेंबरात तो अंबरच्या छावणीत त्याला भेटला. उंच, दणकट बांध्याचा हबशी, करारी आणि रोमन धाटणीचा चेहरा, असं त्याने लिहून ठेवलं आहे. डोळ्यांचा पांढरा, काचेसारखा भाव मात्र त्याला शोभत नाही, असंही तो नोंदवतो. मला हे शेवटचं निरीक्षण मोलाचं वाटतं. परक्या माणसाने खुशामतीशिवाय केलेली ही नोंद आहे. मूर्तीच्या डोळ्यांत शुद्ध पांढरा ठिपका देण्याची सवय रंगवणारे सहसा टाळतात, कारण त्याने चेहरा दचकलेला दिसतो. इथे पांढऱ्यात किंचित राखाडी मिसळून तो ठिपका जरूर द्यावा.

चित्रांची साक्ष घेताना मात्र सावध राहायला हवं. सगळ्यात प्रसिद्ध चित्र अबुल हसनचं, १६१६च्या सुमाराचं. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे, असा त्याचा विषय. प्रत्यक्षात जहांगीरला हे कधीच जमलं नाही. त्याच्या फौजा अंबरवर चालून जात राहिल्या आणि अंबर आपल्या अंथरुणात मेला. आत्मचरित्रातही बादशहाने अंबरला शेलक्या शिव्याच दिल्या आहेत. म्हणून या चित्रातली त्वचेची काळी छटा ही शत्रूच्या मनातली छटा आहे, नमुना म्हणून ती घेऊ नये. जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमद खानाने अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याला आणि कारभाराला जी दाद दिली आहे, ती या चित्राशेजारी ठेवून वाचावी.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं हाशिमचं चित्र निराळं आहे. हाशिम मूळचा दख्खनचा असावा, मग मोगल दरबारी गेला, असं मानतात. चित्राचा काळ १६२०च्या आसपासचा, म्हणजे भातवडीच्या अगदी जवळचा. त्यातला अंबर एका बाजूने दिसतो, भरदार, शांत, गडद तपकिरी वर्णाचा. अंगात पांढरा जामा. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या एका दख्खनी चित्रातही असाच पांढऱ्या जाम्यातला हबशी सरदार उभा आहे. तो अंबर की त्याचा मुलगा फतेखान, यावर मतभेद आहेत. पण कपड्यांपुरतं बघायचं तर दोन्ही कागद एकच सांगतात: पांढरा.

हा पांढरा रंगवणं सोपं नाही. दख्खनी चित्रकार झिरझिरीत मलमल दाखवताना खालची त्वचा आधी रंगवायचे आणि तिच्यावरून सफेद्याचा विरळ थर द्यायचे. छोट्या मूर्तीवरही हेच करावं. बाह्या आणि छातीवर तपकिरी थर पूर्ण वाळू द्यायचा, मग पाण्यासारखा पातळ पांढरा रंग दोन-तीनदा फिरवायचा. चुण्यांच्या खोलात काळा भरला तर कापड मळकं दिसतं, तिथे नीळ मिसळलेला राखाडी चालतो. जाम्याचा बंद कोणत्या बाजूला, हेही बघून घ्यावं. त्या काळच्या चित्रांत मुसलमान सरदारांचा बंद उजव्या बगलेखाली आणि हिंदूंचा डाव्या बगलेखाली येतो. अंबरशेजारी शहाजीराजे उभे करायचे असतील तर एवढ्या एका गाठीने दोघांची ओळख पटते.

पण हा दरबारी वेष. रणात कोणी मलमल घालून उतरत नाही. इथे नगरचाच एक दस्तऐवज मदतीला येतो. आफताबी या कवीने रचलेलं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फार्सी काव्य पहिल्या हुसेन निजामशहावर आहे. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेली आहे. १५६५च्या तालिकोटच्या लढाईचे प्रसंग तिच्यात आहेत, घोडे, हत्ती आणि विजयनगरच्या रामरायाचा शेवट यांसकट. निजामशाही शिपाई निजामशाहीच्याच चितारी हाताने काढलेला बघायचा, तर तो इथे. अर्थात ही चित्रं भातवडीच्या जवळजवळ साठ वर्षं आधीची, हे विसरता येणार नाही. शिरस्त्राणाचा घाट आणि खोगिराची मांडणी त्यातून घ्यावी, अंबरचा चेहरा नव्हे.

या हस्तलिखिताची एक गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. चित्रांत सुलतानाजवळ बसलेली त्याची राणी खुंजा हुमायून होती. पुढे बऱ्याच ठिकाणी तिच्या आकृतीवर रंग फासून ती झाकून टाकली. हुसेनच्या मृत्यूनंतर तिने मुलाच्या नावाने राज्य चालवलं, मग त्याच मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकलं. त्यानंतर कधीतरी हे झालं असावं. रंगांनीच जिला घडवलं, तिला रंगांनीच पुसलं.

राहिलं ‘शिवभारत’ हे काव्य. कवींद्र परमानंदाने भातवडीच्या रणाचं वर्णन केलं आहे. त्यात शहाजीराजे आहेत, त्यांचे धाकटे बंधू शरीफजी आहेत, जे तिथे पडले. पण परमानंद लिहितो तेव्हा शिवाजीमहाराजांची कारकीर्द चालू आहे आणि लढाईला निम्मं शतक होत आलं आहे. कोण कोण होतं, हे त्याच्याकडून घ्यावं. वेषासाठी मात्र समकालीन चित्रांकडेच यावं.

माझ्या मनातली मूर्ती अशी. दरबारी पांढऱ्याऐवजी जाड सुती, रजईसारखा शिवलेला अंगरखा, मळकट पांढरा, त्यावर दख्खनी सरळ लांब तलवार. चेहरा तपकिरी, ओठांभोवती थोडा जांभळट, दाढी राखी. अंबरने भातवडीच्या तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, असं इतिहासकार सांगतात. म्हणून बैठकीवर हिरवं गवत नको. नगरकडची काळी माती पाणी लागल्यावर जशी चिकटते तशी ती घोड्याच्या गुडघ्यापर्यंत चढवावी, वर आधी गडद, ओला, चकचकीत थर, आणि कडांना वाळत आलेला राखाडी.