‘जोशी’ व्हायरस आणि स्वच्छ फ्लॉपी

१९९०च्या दशकाच्या आरंभी भारतातील पुष्कळ संगणक ५ जानेवारीला अचानक गोठत. पडद्यावर इंग्रजीत एकच आज्ञा उमटे: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. मुकाट्याने तेवढी अक्षरे टंकली की यंत्र पूर्ववत चालू लागे. हा व्हायरस जून १९९० मध्ये भारतात प्रथम ओळखला गेला आणि त्या वेळीच तो देशभर तसेच आफ्रिकेच्या काही भागांत पसरलेला होता. नाव वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सदाशिव पेठ उभी राहील. परंतु हे आडनाव गुजरातेत आणि कुमाऊंतही तितकेच रुजलेले आहे, आणि या जोशीबुवांचा पत्ता काही त्यांच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेला नव्हता. चार वर्षांपूर्वी लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेल्या ‘ब्रेन’ व्हायरसात मात्र लेखकांची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही होता.

वर्षातून एकदा शुभेच्छा मागणारा हा पाहुणा निरुपद्रवी वाटे. त्याला घालवू जाताच त्याचा चिवटपणा कळे.

त्याचे कारण संगणक जागा होण्याच्या क्रमात आहे. वीज सुरू झाल्यावर यंत्राच्या चिपमधील बायॉस हा छोटा प्रोग्रॅम प्रथम चालतो. तो डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटांचा सेक्टर वाचतो आणि तेथे जे लिहिलेले असेल त्याच्या हाती कारभार सोपवतो. डॉस ही कार्यप्रणाली त्यानंतर येते. ‘जोशी’ नेमका या पहिल्या सेक्टरात बसे. हार्ड डिस्कवरील मूळ मजकूर तो त्याच ट्रॅकच्या नवव्या सेक्टरात हलवी आणि आपला उरलेला देह दुसऱ्यापासून सहाव्या सेक्टरापर्यंत पसरवी. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर ४० ट्रॅक असत; ‘जोशी’ तिच्यावर एक्केचाळिसावा ट्रॅक स्वतः आखून घेई. डॉसच्या हिशेबी तो ट्रॅक अस्तित्वातच नव्हता, म्हणून तेथे कोणी पाहत नसे.

संसर्गाला फारसे निमित्तही लागत नसे. रात्री ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी सकाळी संगणक सुरू करताना तशीच राहिली, की काम झाले. फ्लॉपीत डॉस नाही, ती काढून दुसरी घाला, असा संदेश पडद्यावर येई. पण तो संदेश दिसेपर्यंत फ्लॉपीचा पहिला सेक्टर चालून गेलेला असे. नुसती पत्रे साठवलेली फ्लॉपीसुद्धा त्यामुळे पुरेशी ठरे.

आता शोध घ्यायचा म्हटले तरी पंचाईत होती. व्हायरस स्मृतीत जागा असताना कोणी पहिला सेक्टर वाचू लागले, तर तो ती विनंती अडवून नवव्या सेक्टरातील मूळ, निर्दोष मजकूर पुढे करी. तपासणारा समाधानाने मान डोलावी. बिघडलेल्या तराजूची तपासणी त्याच तराजूने करण्यासारखा हा प्रकार होता. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी लाभ नसे. कळफलकावर पाळत ठेवून असलेला ‘जोशी’ त्यातूनही स्मृतीत टिकून राही. एक खूण मात्र त्याला लपवता येत नसे. स्वतःला राहण्यासाठी तो सुमारे ६ किलोबाइट स्मृती अडवी. डॉसची ‘चेकडिस्क’ आज्ञा दिली की एकूण स्मृती ६,५५,३६० बाइटांऐवजी सहा किलोबाइटने कमी दिसे. जाणकार दुरुस्तीवाले हा आकडा पाहूनच निदान करीत.

उपचाराची पहिली पायरी कोणत्याही सॉफ्टवेअरची नव्हती. यंत्राचा वीजपुरवठा पूर्ण तोडायचा, म्हणजे स्मृती रिकामी होते. मग खात्रीने स्वच्छ असलेल्या डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा. या फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकलेली असे, कारण ती झाकली की ड्राइव्ह तिच्यावर लिहू शकत नाही. असे केल्यावर व्हायरसचा कोड डिस्कवर असूनही निर्जीव असे. त्याला चालवणारे कोणी नसे. पहिला सेक्टर आता खरा दिसे आणि नवव्यातील मूळ मजकूर जागेवर नेऊन ठेवता येई.

ही युक्ती ज्याला ठाऊक नव्हती त्याच्यासाठी सर्वत्र एकच उतारा होता: फॉरमॅट. पुणे असो वा चंदीगड, घरच्या संगणकावर लिहिलेला प्रबंध किंवा दुकानाचे हिशेब यांची दुसरी प्रत क्वचितच असे. विपरीत गोष्ट अशी की डॉसची साधी फॉरमॅट आज्ञा हार्ड डिस्कच्या त्या पहिल्या सेक्टराला स्पर्शच करीत नाही. माहिती पुसली जाई आणि व्हायरस मात्र जागच्या जागी राही. रोग्याचा जीव घेऊन रोग वाचवणारे औषध याहून वेगळे काय असते?

प्रत्येक व्हायरसची खोड निराळी, म्हणून एका औषधाने सारे भागत नसे. न्यूझीलंडचा ‘स्टोन्ड’ आणि त्याच्यापासूनच घडवलेला ‘मायकेलअँजेलो’ हे दोघेही हार्ड डिस्कवरील मूळ मजकूर सातव्या सेक्टरात ठेवीत. दोघांचा संसर्ग एकाच यंत्राला झाला, तर दुसरा आलेला व्हायरस पहिल्यालाच मूळ समजून सातव्यात टाकी आणि खरा मजकूर कायमचा पुसला जाई. मग यंत्र सुरूच होत नसे. कॅनडातील एडमंटन येथे आढळलेला ‘मंकी’ याहून खट. तो मूळ सेक्टर सांकेतिक रूपात दडवून ठेवी. स्वच्छ फ्लॉपीवरून सुरुवात केली की सी ड्राइव्ह नाहीसाच होई. म्हणजे ‘जोशी’ला घालवणारी रीत येथे मालकाला घाबरवून सोडी. घाईने पहिला सेक्टर नव्याने लिहिणाऱ्याचे नुकसान पक्के होई.

पुण्यातील काटकर बंधूंची कथा या गोंधळातच सुरू होते. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले आणि पुढे त्यांनी पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. धाकटे संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात येणाऱ्या संगणकांत तक्रार असे यंत्राची, आणि दोष निघे व्हायरसचा. संजय यांनी त्यावर उपाय म्हणून प्रोग्रॅम लिहिले. आरंभीचा एक ‘मायकेलअँजेलो’वरचा होता. ६ मार्चला हार्ड डिस्कचे सुरुवातीचे सेक्टर पुसणाऱ्या या व्हायरसाने १९९२ साली जगभर धास्ती पसरवली होती. ५० लाख संगणक बंद पडतील असे भाकीत वर्तवले गेले; प्रत्यक्षात बळी काही हजारांत निघाले. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही त्यांची कंपनी उभी राहिली, १९९५ मध्ये डॉससाठी ‘क्विक हील’ बाजारात आले आणि २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. कोणते सेक्टर कोठे हलवले आहेत, कोणत्या यंत्रात चिकटपट्टीची फ्लॉपी लागेल, हे दुरुस्तीवाल्याच्या हातातले ज्ञान अशा प्रोग्रॅममधून घरोघरी गेले. या इतिहासात त्या दुकानाचे मोल प्रयोगशाळेहून कमी मानण्याचे कारण नाही. दारात रोज नवा नमुना येणे ही संशोधकाला सहसा न लाभणारी चैन तेथे होती.

फ्लॉपी गेली तसा ‘जोशी’ही गेला. पहिले कोण जागे होते हा प्रश्न मात्र राहिला. नव्या संगणकांत बायॉसची जागा यूईएफआयने घेतली आहे आणि ‘सिक्युअर बूट’ ही सोय डिजिटल स्वाक्षरी तपासल्याविना कोणालाही पुढे सोडत नाही. तरीही २०१८ मध्ये ईसेट कंपनीच्या संशोधकांनी उघड केलेला ‘लोजॅक्स’ थेट मदरबोर्डवरील चिपमध्ये मुक्काम करताना सापडला. विंडोज नव्याने बसवा किंवा हार्ड डिस्कच बदला, तो तेथेच राहतो; त्या चिपमधील प्रोग्रॅमच पुन्हा लिहावा लागतो. पाच वर्षांनी त्याच संशोधकांनी ‘ब्लॅकलोटस’ची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्याने ‘सिक्युअर बूट’ चालू असलेल्या विंडोज संगणकातही प्रवेश मिळवला होता, आणि तोही रीतसर स्वाक्षरी असलेल्या, पण सदोष निघालेल्या जुन्या फाइलींच्या आधाराने.