संगणकाने न ओळखलेले मापक : दुरुस्तीकलेच्या एका वळणाचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे गाव चिंतामणीच्या देवस्थानामुळे विदर्भभर परिचित असून ते यवतमाळहून वर्ध्याकडे व पुढे नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू होईपर्यंत तेथील सारी ये-जा रस्त्यावरच अवलंबून होती. अशा गावी विज्ञानशिक्षकाला किंवा दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला मोजणीचे उपकरण परत पाठवावे लागले, तर दिवसही जातात आणि पैसाही. म्हणूनच उपकरण खरोखर बिघडले आहे, की संगणकाला त्याची केवळ ओळख पटलेली नाही, हा भेद तेथे महत्त्वाचा ठरतो. हा भेद फार जुना नाही.

यूएसबी येण्यापूर्वी मोजणीची उपकरणे संगणकाला जोडली जात ती बहुधा सिरियल पोर्टाने, म्हणजे एकाच तारेतून एकामागून एक संकेत पाठवणाऱ्या जोडणीने. तिचे आरएस-२३२ हे प्रमाणमान १९६० चे. या जोडणीत पलीकडे कोण आहे, असे संगणक कधी विचारतच नसे. पोर्टाचा क्रमांक आणि संकेतांचा वेग माणसानेच सांगायचा, आणि काही चालेनासे झाले, तर नऊ पिनांपैकी दुसरी व तिसरी पिन तारेच्या तुकड्याने जोडून कळफलकावरचे अक्षर परत पडद्यावर उमटते का, ते पाहायचे. अक्षर उमटले, तर संगणकाकडची बाजू ठीक, हे तिथल्या तिथे कळत असे. दोष तारेत किंवा डाखात सापडे आणि तो हाताने दुरुस्त करता येई.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. इंटेलसह सात कंपन्यांनी हे प्रमाणमान घडवले आणि इंटेलच्या गटात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. या जोडणीने आधी ओळख व मग काम, असा क्रम लावून दिला. केबलमध्ये चार तारा असतात : लाल तारेतून पाच व्होल्टचा पुरवठा, काळी तार जमिनीची, आणि पांढरी व हिरवी संकेतांसाठी. उपकरण दीड किलोओहमच्या रोधाने संकेतांच्या या दोन तारांपैकी एक वर ओढून धरते, तेव्हा संगणकाला कोणीतरी आल्याचे कळते. मग तो उपकरणाला पूर्वस्थितीत आणतो, तात्पुरत्या शून्य पत्त्यावर त्याची माहिती मागतो, नवा पत्ता देतो आणि निर्मात्याचा व वस्तूचा असे दोन क्रमांक वाचून योग्य ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणारी आज्ञावली, शोधतो. हा संवाद कोणत्याही टप्प्यावर तुटू शकतो आणि तुटल्यावर बाहेरून सगळे सारखेच दिसते : दिवा लागतो, पण पडद्यावर उपकरण नसते. पुरवठ्याचा दिवा लागला, एवढ्यावरून संकेतांच्या तारा शाबूत आहेत असे मानणे हीच येथील सर्वांत मोठी फसगत होय.

ओळख क्रमांकावर ठरू लागल्यामुळे क्रमांकांचेच दोष निर्माण झाले. एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीच्या, सिरियल संकेत यूएसबीत बदलणाऱ्या चिपचे क्रमांक ०४०३ व ६००१ असत. तिच्या नकला बाजारात फार पसरल्या, तेव्हा ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोजच्या अद्ययावतीकरणातून आलेल्या तिच्या ड्रायव्हरने नकली चिपमधील वस्तूचा क्रमांक शून्य करून टाकला. चिपचे संकेत बदलण्याचे कार्य जसेच्या तसे होते, पण नाव पुसले गेल्यामुळे संगणक तिला ओळखेना. आपल्या उपकरणात कोणती चिप बसवली आहे हे माहीतही नसलेल्या ग्राहकाला त्याची शिक्षा भोगावी लागली, ही गोष्ट अन्यायाचीच म्हटली पाहिजे. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. २०२२ च्या उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीत याउलट घडले. सीएच३४० ही स्वस्त चिप काही ब्रेल पडद्यांमध्येही वापरली जात असल्याने, अंधांसाठीची बीआरएलटीटीवाय ही आज्ञावली तोच क्रमांक दिसताच उपकरण स्वतःकडे घेई आणि मापकाचा पोर्ट दिसेनासा होई.

भारतातील शिक्षणासाठी या प्रवासाचे उत्तम उदाहरण दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात घडले. तेथील अजित कुमार यांच्या फिनिक्स प्रकल्पात आधी संगणकाच्या पॅरलल पोर्टाला जोडायची पेटी होती; २०११ मध्ये तिच्या वाटेवरूनच एक्सपआइज हे यूएसबीचे स्वस्त उपकरण आले आणि २०१७ च्या आवृत्तीत ऑसिलोस्कोपसह अनेक मापके एकाच लहान पेटीत सामावली. लिनक्सवर ते न दिसल्यास दोष अनेकदा परवानगीचा असतो : वापरकर्त्याला सिरियल पोर्ट उघडण्याचा अधिकार नसतो, आणि उपकरणाचा क्रमांक ओळखून तो अधिकार देणारा नियम संगणकात बसवला, की काम होते.

तरीही पहिली तपासणी केबलचीच असावी, कारण मोबाइल चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या काही केबलींत पांढरी व हिरवी तार घातलेलीच नसते आणि तशी केबल लावली, तर उपकरणाचा दिवा लागतो, पण संवाद सुरूच होत नाही. मल्टिमीटरची एक टोकणी केबलच्या एका टोकाच्या दोन क्रमांकाच्या, म्हणजे पांढऱ्या तारेच्या, पिनेवर व दुसरी टोकणी पलीकडच्या टोकाच्या त्याच क्रमांकाच्या पिनेवर टेकवली, की तार असल्यास तो वाजतो, नसल्यास गप्प राहतो.