व्हेन आय सेड आय डू
आजन्म सहजीवनाच्या विवाहप्रतिज्ञेवरील अमेरिकन कंट्री युगुलगीत (पहा : कंट्री संगीत). गायक क्लिंट ब्लॅक यांनी ते रचले आणि पत्नी लिसा हार्टमन ब्लॅक यांच्यासह गायले. दोघांचा विवाह १९९१ मधला; लिसा मुख्यतः ‘नॉट्स लँडिंग’ या दूरचित्रवाणी मालिकेतील अभिनेत्री म्हणून परिचित. गीत १९९९ मध्ये ‘डीलेक्ट्रिफाइड’ या संग्रहातून प्रसिद्ध झाले. विजेवर चालणारी वाद्ये वर्ज्य केल्यामुळे या संग्रहात साध्या गिटारचा नाद (पहा : गिटार) ठळक राहतो. लय संथ, ध्रुपदात दोन्ही स्वर एकत्र येतात. विषय प्रियाराधनाचा नसून दिलेला शब्द पाळण्याचा असल्याने ते विवाहसमारंभांतही गायले जाते. ‘बिलबोर्ड’च्या कंट्री गीतांच्या यादीत ते प्रथम क्रमांकावर पोहोचले.