हॉर्निमन, बेंजामिन गाय
(१८७३–१९४८). ब्रिटिश पत्रकार व लेखक. मुंबईच्या फोर्ट भागातील एल्फिन्स्टन सर्कलला आज त्यांचे नाव आहे. १९०६ मध्ये ते कोलकात्याच्या द स्टेट्समन पत्रात आले. फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये काढलेल्या बॉम्बे क्रॉनिकलचे संपादकपद त्यांच्याकडे आले आणि ते पत्र होमरूल चळवळीचा आवाज बनले. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रह सभेचे ते उपाध्यक्ष होते. सरकारचा रोष ओढवणार, हे उघड होते. एप्रिल १९१९ मध्ये आजारी असतानाच त्यांना पकडून बोटीने इंग्लंडला धाडण्यात आले. क्रॉनिकलही काही काळ बंद पडले. त्या पोकळीतच गांधीजी यंग इंडिया या पत्राकडे वळले. हॉर्निमन यांनी मात्र इंग्लंडमध्ये जालियनवाला बागेतील हत्याकांडाची हकीकत उघड केली आणि १९२० मध्ये अमृतसर अँड अवर ड्यूटी टू इंडिया हे पुस्तक लिहिले. आपल्याच देशाच्या राज्यकर्त्यांना जाब विचारणारे हे लेखन त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे काम होय. परतण्यास परवाना मिळेना, तेव्हा १९२६ च्या आरंभी ते परवान्याविनाच भारतात आले व पुन्हा क्रॉनिकलमध्ये रुजू झाले. पुढे १९३३ पासून बॉम्बे सेंटिनेल हे सायंदैनिक त्यांनी बारा वर्षे चालवले. १९४१ मध्ये रुसी करंजिया व दिनकर नाडकर्णी यांच्यासह ब्लिट्झ साप्ताहिकाच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता.